दोन टिंबांची आत्या

म्हैसूरच्या जुन्या फौजेत आलेल्या मराठी घराण्यांच्या सोयरिकी लिहून काढायच्या, हे मी निवृत्तीनंतर डोक्यात घेतलं. कॉलेजात इतिहास शिकवला. कॉम्प्युटरशी संबंध टायपिंगपुरता. सगळी माहिती होती ती नजरबादच्या माझ्या आत्याच्या तोंडी. तिला काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला भिंगातून जेमतेम दिसायचं. तिची अट एकच होती. "दिसतंय तोवर दाखव. नंतर सुम्ने, उगाच, वाचून दाखवायला येऊ नको."

आणि मी इकडे, म्हैसूरच्या दुसऱ्या टोकाला, हिनकलच्या घरात वंशावळीच्या एका प्रोग्रॅमशी भांडत बसलेले. इथं राहून आमच्या घरांनी सख्ख्या मामाशी लग्न लावायची रीत उचलली. आत्याचंही तसंच झालं. तिच्या आईची आई, तीच तिची सासू. ते भरायला गेलं की पडद्यावर लाल अक्षरं: हे नातं शक्य नाही. शक्य नाही म्हणे! त्या लग्नात जेवलेली माणसं अजून जिवंत आहेत. वैतागून एकदा मी आत्याला दोनदा भरलं. माहेरच्या नावानं मुलगी म्हणून, सासरच्या नावानं बायको म्हणून. लाल अक्षरं गेली, आणि मी ते विसरूनही गेले.

पुढं सगळंच अडायला लागलं, तेव्हा एका जुन्या विद्यार्थिनीनं फोनवर ग्राफ डेटाबेस सुचवला. "मॅडम, माणूस म्हणजे टिंब, नातं म्हणजे रेघ. एका टिंबाला कितीही रेघा जोडा, रेघेला हवं ते नाव द्या." हे मला पटलं. फक्त, तांत्रिक ज्ञानाची गरज नाही असं सूचनांच्या वर लिहिलेलं आणि दुसऱ्याच पायरीला काळी खिडकी उघडून तिच्यात आज्ञा टाइप करा म्हणे. कुठल्या आज्ञा, ते ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी लिहिलेलं. जुन्या प्रोग्रॅममधून काढलेली फाइल तीनदा परत आली. का, तर मी पत्त्यात "नजरबाद, म्हैसूर" असं लिहिलं होतं आणि त्या स्वल्पविरामाशी म्हैसूर उडी मारून जन्मसालाच्या रकान्यात जात होतं. इतकी वर्षं मुलांना शिकवलं आणि एक रेघ ओढता येईना, याची मला लाज वाटत होती. इकडे आत्याचे दिसायचे दिवस चालले होते.

शेवटी एकदाची फाइल आत गेली. टिंबारेघांचं चित्र मोठ्या कागदावर छापून, लॅपटॉप काखेत मारून नजरबाद गाठलं. आत्यानं बराच वेळ भिंग फिरवलं. मग एका टिंबावर बोट ठेवलं.

"हिचं लग्न नाही का झालं?"

भिंग दुसऱ्या टोकाला गेलं. "आणि ह्या सुनेला आईबाप नाहीत काय?"

मी कागदावर वाकून पाहिलं. दोन्ही टिंबं तिचीच होती, आणि मध्ये एकही रेघ नव्हती. "चुकलं माझं, आत्या. दोन्ही तूच आहेस."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. "तसंच झालेलं की ग," ती म्हणाली. "सकाळी आजी म्हणत होते, दुपारी तिलाच अत्ते म्हणायला लावलं, सासू म्हणून. नाव बदललं. आधी आई रागावली की आजीकडं पळत होते. नंतर कुठं पळायचं? आईला काही सांगायला गेलं की ती म्हणायची, माझ्या आईबद्दल, माझ्या भावाबद्दल बोलू नको. मग बोललेच नाही."

इतक्या महिन्यांत मी तिला कोण कुणाचं कोण, एवढंच विचारलं होतं. स्वतःचा भयंकर राग आला. लॅपटॉप तिथंच उघडला. दोन टिंबं निवडून एकत्र करायचं बटण दाबलं, तर त्या यंत्राचा प्रश्न तयारच: कुठलं नाव ठेवायचं? मी तोंडातल्या तोंडात शिवी हासडली.

"काय म्हणतंय ते?" आत्यानं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"लग्नाआधीचं ठेव," ती लगेच म्हणाली. "त्या नावानं हाक मारणारं आता कोण नाही. तिथं तरी असू दे."

मी ते नाव निवडलं. सगळ्या रेघा त्या मुलीच्या टिंबाला येऊन लागल्या, नवऱ्याचीसुद्धा. आत्यानं भिंग पुसलं आणि पडद्याला नाक लागेल इतकी जवळ सरकली.