बत्तिसावी मूठ

मी टेप लावल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईने ठेवूही नये. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, "माझी कंबर तीसच आहे हो," आणि टेप म्हणते चौतीस. त्यामुळे तळमजल्यावरच्या मावशीच्या मुठीबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. हे आधीच कबूल करून टाकते.

मावशी कोणाचीच सख्खी मावशी नव्हे. साठी उलटलेली, उंच, हाडापेराने दणकट बाई. उजवा हात तर असा, की त्याला हातमोजा शिवायचा झाला तर पुरुषाच्या मापावर दोन बोटं कापड वाढवावं लागेल. एकवीस वर्षं ती एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होती. रोज सकाळी वॉर्डातून पाटीवर आकडा लिहून यायचा, आज इतके रोगी जेवणार. मावशीला अक्षरओळख नाही. ती पाटीकडे ढुंकूनही न बघता तांदळाच्या पोत्यात हात घालायची, माणशी एक मूठ, आणि हात थांबेल तिथे थांबायची. पाटीवाले मागून मोजायचे. आकडा जुळलेला असायचा. शेवटच्या माणसाला वाढलं की पातेलं रिकामं, आणि उपाशी कोणी नाही.

कधीकधी मात्र जुळायचा नाही. पाटीवर साठ, आणि मूठ एकोणसाठावर अडलेली. पुढचे तांदूळ बोटांतून गळून जायचे, मूठ मिटायचीच नाही. त्या दिवशी जेवणाची वेळ होईपर्यंत एक कॉट रिकामी झालेली असायची.

"मग तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं होतं.

"सांगितलं ना. आधी हसले. मग रोज सकाळी वॉर्डबॉय दारातून मान आत घालून विचारायचे, मावशी, आज किती कमी? त्यांची व्हायची गंमत आणि मला पोत्यात हात घालायची भीती."

एकदा तिचाच नवरा तिथे भरती होता. बरा होत आला होता, दोन दिवसांनी घरी सोडणार होते. सकाळी मूठ एकाने कमी पडली. मावशीने चूल तशीच पेटती सोडली, वर गेली आणि त्याच्या कॉटवर जाऊन बसली. तो म्हणाला, "आज कामाला दांडी?" ती म्हणाली, "हो, कंटाळा आला." दुपारपर्यंत दोघं गप्पा मारत बसली. मग तो गेला.

"ही मूठ कोणाला वाचवायला सांगत नाही गं," मावशी मला म्हणाली. "नुसतं जाऊन बस, एवढंच सांगते."

त्याच महिन्यात तिने नोकरी सोडली आणि आमच्या इमारतीत राहायला आली.

आमची इमारत म्हणजे तीन मजले, नऊ बिऱ्हाडं, एकतीस माणसं आणि सहा भाषा. कोण कुठून आलेलं, ते ज्याचं त्याला ठाऊक. एकाच्या फोडणीने दुसऱ्याला ठसका लागायचा आणि तिसरा दार आपटायचा. जिन्यात समोरासमोर आलो की एकाने भिंतीकडे बघायचं आणि दुसऱ्याने पायऱ्यांकडे. मीही त्यातलीच. समोरच्या रंगारी भावांशी चार वर्षांत मी एकच वाक्य बोलले होते, "डबे जिन्यात ठेवू नका."

मग एकदा गॅसची पाइप फुटली आणि चार दिवस एकाही घरात शेगडी पेटेना. मागच्या अंगणात मावशीने विटांची चूल मांडली. चूल एक, पातेलं एक. ज्याच्या घरात जे होतं ते घेऊन माणसं नाइलाजाने खाली आली. बटाटे, डाळ, अर्धा कोबी, कोणाच्या देशातला कसलासा सुका मसाला. सगळं एकात पडलं. त्या पदार्थाला काय म्हणायचं यावर एकमत आजतागायत झालेलं नाही, म्हणून त्याचं नाव 'ते'. गॅस आला तरी 'ते' सुटलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अंगणात चूल पेटायला लागली.

लगेच गळ्यात गळे पडले असं मात्र समजू नका. प्रत्येकजण आपलं ताट, आपला चमचा, आपला पाट घरून आणायचा. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा तर बसण्याआधी आपल्या ताटावर किटलीतलं गरम पाणी ओतायचे, जणू अंगणातल्या हवेनेच ते विटाळलं होतं. एकमेकांच्या ताटातलं उष्टं तर लांबच, ताटाला ताट लागलं तरी कपाळावर आठ्या. एकत्र काय ते पातेलं.

आणि एक नियम मावशीचा. भाज्या कोणीही चिरा, पण तांदळाला हात फक्त तिचा. मुठी मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा विश्वास नव्हता. ती टाकायची, मी मोठ्याने मोजायचे. सहा वर्षं. कोणी गावाला गेलं, कोणाकडे पाहुणा आला, मावशीला कोणी सांगितलेलं नसायचं, तरी मूठ बरोबर थांबायची. मी हसणं कधी सोडलं ते आठवत नाही.

मागच्या महिन्यात मी एकतीस म्हटलं आणि हात पुन्हा पोत्यात गेला. बत्तीस. मावशीने मुठीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "कोणीतरी येतंय," ती म्हणाली. अंगणभर तर्क सुरू झाले. रंगाऱ्याचं लग्न ठरलं का, आजोबांचा मुलगा परदेशातून येतोय का. कोणीच आलं नाही. त्या दिवशी मी मात्र दोनदा वाढून घेतलं, आणि पातेलं नेहमीसारखं रिकामं झालं. मावशीने माझ्या ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदराने तोंड पुसल्यासारखं करत हसू लपवलं.

मला सातवा आठवडा होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि याआधी दोनदा आनंदाची बातमी घाईने सांगून पस्तावले होते. यावेळी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तीन महिने होऊ देत, मग बघू, असं ठरवलं होतं. ठाऊक होतं ते फक्त मला आणि त्या मुठीला.

या रविवारी अकरा आठवडे पूर्ण झाले होते. सकाळी साडेअकराची वेळ, लख्ख ऊन. कांदे चिरून झाले आणि मी मोजायला बसले. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. एकतीस.

मावशीचा हात पोत्यात गेला. वर आला तो उघडाच. तांदूळ बोटांच्या फटींतून परत पोत्यात सांडले. तिने पुन्हा हात घातला, दात आवळून, मनगटाच्या शिरा फुगेपर्यंत. बोटं वळलीच नाहीत. तिसऱ्यांदा तिने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं दाबून मिटवायला बघितली. तांदूळ गळत राहिले, आणि त्यांचा तो बारीक आवाज मला जिन्यात, अंगणात, कानाच्या आत सगळीकडे ऐकू यायला लागला. मी तिच्या हाताला हात लावला. चुलीशेजारी दोन तास बसलेल्या बाईचा हात, आणि बर्फासारखा गार.

"एकतीस!" मोठा रंगारी मागून ओरडला. "बरोबर! माणसं एकतीस, मुठी एकतीस. मागच्या वेळी मावशी चुकली होती म्हणायची!"

सगळे हसले. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मावशी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्यावरूनच मला कळलं.

मला काही दुखत नव्हतं. तेच भयंकर होतं. पोट शांत, अंग ठीक, वर ऊन, आणि चारी बाजूंना हसणारी माणसं. मनात म्हटलं, टेप लाव. कुठे लावू? मग मी पोत्यात माझा स्वतःचा हात घातला. मूठ भरली, चांगली घट्ट भरली, आणि पातेल्यात टाकली. मोठ्याने म्हटलं, "बत्तीस."

सहा वर्षांत मावशीखेरीज तांदळाला कोणाचा हात लागला नव्हता. मला वाटलं, ती ओरडेल. तिने फक्त झाकण ठेवलं.

जेवण झालं. सगळ्यांना वाढलं, मावशीनेही घेतलं, मीही घेतलं. पातेल्याच्या तळाशी बरोबर एका माणसाचं उरलं. मी वाढून घ्यायला उठले. मागच्या महिन्यात नव्हतं का संपवलं? पण माझ्या ताटातलंच अजून तसंच पडलं होतं. मावशीने आपलं एक जास्तीचं ताट आणलं, उरलेलं त्यात काढलं आणि चुलीसमोर ठेवलं.

"आज उरलं?" घड्याळवाले आजोबा म्हणाले. "मावशी, चुकलात की काय?"

"मी नाही चुकले," मावशी म्हणाली.

"ते माझ्या बाळाचं आहे," मी म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "पोटातल्या. मागच्या महिन्यात होतं. आज मूठ मिटली नाही."

माझा नवरा हात धुवायला पाण्याची बादली आणत होता. त्याने ती खाली ठेवली, इतकी हळू की थेंब सांडला नाही, आणि तिथेच उभा राहिला. कोणीही 'असं काही नसतं' म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्या मुठीवर माझ्याइतकाच सगळ्यांचा विश्वास होता.

पहिली उठली ती डोंगराकडून आलेली आजी. तिची भाषा इमारतीत कोणालाच येत नाही आणि तिला आमची. काय कळलं तिला, कोण जाणे. ती चुलीसमोर बसली आणि त्या ताटातला एक घास उचलून तोंडात घातला. मग घड्याळवाले आजोबा आले. त्यांनी किटली आणली नाही. त्याच ताटात बोटं घालून त्यांनी एक घास घेतला आणि डोळे मिटून खाल्ला. मग दोन्ही रंगारी, मग बायका, मग पोरं, एकामागून एक. कोणाची बोटं कोणाच्या बोटांना लागत होती. नवऱ्याने घास घेतला तेव्हा मावशीने त्याचं मनगट धरलं होतं. शेवटचा घास तिने मला भरवला. एकतीस घास झाले आणि ताट स्वच्छ झालं.

चार वाजता माझ्या पोटात कळ आली.

दवाखान्यात तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि विचारलं, "त्रास कधीपासून होतोय?" मी म्हटलं, "चारपासून. पण साडेअकरालाच कळलं होतं." त्यांना वाटलं असेल, ही धक्क्याने काहीतरीच बोलतेय. मग त्या म्हणाल्या, "आत एकालाच थांबता येईल. सोबत कोण आलंय?"

नवऱ्याने दार उघडलं. बाहेरच्या अरुंद व्हरांड्यात आमची अख्खी इमारत भिंतीला टेकून उभी होती. आजी खाली बसली होती, रंगाऱ्यांच्या बोटांना अजून 'ते' लागलेलं होतं. आज कोणी भिंतीकडे बघत नव्हतं.

नवरा मावशीकडे बघून म्हणाला, "तुम्ही जा आत. तुम्हाला बसता येतं. मला येत नाही."

मावशी आली. 'सगळं ठीक होईल' वगैरे काही म्हणाली नाही. कॉटवर टेकली आणि तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात अजून गारच होता. सकाळी तीनदा न मिटलेली ती बोटं माझ्या हातावर एकेक करून मिटली, आणि मी रडून संपेपर्यंत तिने मूठ सोडली नाही.