साडेचारशे गांडुळांचं रुखवत

आमच्या घरात मासे कोणी खात नाही, मी जन्मात एकही मासा पकडलेला नाही, आणि तरीही गेल्या मे महिन्यात आमच्या जिंतूरच्या घरात माझ्या मालकीची साडेचारशे गांडुळं होती.

रबरी! (घाबरू नका. सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, तीही घाबरली नव्हती. तिने फक्त माहेरी फोन लावला होता.) गळाला लावायची नकली आमिषं ही. मऊ प्लास्टिकचं द्रावण तापवायचं, त्यात रंग आणि चमकी घालायची, साच्यात ओतायचं आणि माशाला भुरळ पडावी म्हणून वरून बडीशेपेचं तेल चोळायचं. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो आणि असा पेटलो की विचारू नका! टिचकी मारली की गांडूळ अस्सं थरथरायचं! पुण्याच्या हौशी मासेमारांच्या एका मंडळाने साडेचारशे नग मागवले, तेव्हा तर मी कचेरीत पेढे वाटले. माल पुतणीच्या लग्नानंतर पाठवायचा होता. तोवर तो नुसता ठेवायचा होता.

इथेच तर घोडं पेंड खातं!

आधी मी सगळा माल चिवड्याच्या डब्यात कोंबला. चार दिवसांनी झाकण उघडलं तर गांडुळं कायमची वाकडी, आणि लालांचा रंग पांढऱ्यांना लागून निम्मी गुलाबी झालेली. सगळी पुन्हा वितळवली, पुन्हा ओतली. मग सुनंदाचे प्लास्टिकचे डबे घेतले आणि रंगवार मांडणी केली. पण हे मऊ प्लास्टिक भारी खोडसाळ. ज्याला टेकेल त्यालाच विरघळवायला बघतं!

"अहो, माझ्या डब्याला घाम कामून फुटलाय?" सुनंदा ओरडली.

"रासायनिक क्रिया हाय ती."

"आता मीच क्रिया करते तुमची!"

त्या दिवशी माल आणि मी, दोघेही स्वयंपाकघरातून हद्दपार झालो. बाहेर ऊन असं की ओट्यावर पापड भाजावा. गांडुळांना हवी होती गार जागा, आणि तीही सरळ आडवं झोपता येईल अशी. आमच्या घरात गार जागा एकच, आतली खोली. आणि त्या खोलीत होतं वहिनींचं रुखवत.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांच्या अश्विनीचं लग्न वालूरच्या मुलाशी ठरलेलं. मुलाकडची मंडळी शेतीवाली, म्हणून वहिनींनी तीन महिने खपून थर्माकोलचं आख्खं शेत उभं केलं होतं. विहीर, गोठा, बैलगाडी, आणि काळ्या रंगाने रंगवलेल्या रानात ओळीने सऱ्या पाडलेल्या! सगळी धडपड होती ती होणाऱ्या विहीणबाईंसाठी. या बाईंनी साखरपुड्यात आमच्या पाण्यालाही नाव ठेवलं होतं.

"भावजी," वहिनींनी मला बजावलं होतं, "ह्याच्यात एक काडी जरी इकडची तिकडं झाली ना, तर विहिणीसमोर माझं नाक कापलं जाईल. पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल. त्या खोलीत पाय ठिवू नका."

मी पाय ठेवला नाही. गांडुळं ठेवली.

माझा विचार अगदी शास्त्रीय होता. कुल्फीवाला कुल्फी कशात ठेवतो? थर्माकोलच्या पेटीत! आणि ती सरी जणू माझ्या गांडुळाचं माप घेऊनच पाडलेली. एकेक गांडूळ सरळ निजवलं. नमुन्याचे सात रबरी बेडूक केले होते, तेही विहिरीच्या काठावर बसवले आणि वर वहिनींची जुनी साडी होती तशी पांघरली. लग्नाच्या आदल्या दिवशी गुपचूप उचलायचं, की झालं!

आदल्या दिवशी मला केळीचे खांब आणायला पिटाळलं. परत येतो तो रुखवत साडीसकट टेम्पोतून मंगल कार्यालयात गेलेलं! तरी मी डगमगलो नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी पिशवी घेऊन कार्यालय गाठलं, साडी उचलली आणि पहिलं गांडूळ ओढलं.

गांडूळ येईना. जोर लावला तर त्याच्याबरोबर मूठभर जमीन आली! डब्यांना नुसता घाम फुटला होता, इथे थर्माकोल पार विरघळला होता. सगळी फौज सऱ्यांमध्ये अर्धी रुतून पक्की झालेली. वर दिसत होत्या त्या फक्त चमकीच्या पाठी आणि शेपट्या. एक बेडूक विहिरीत कमरेइतका खचला होता आणि माझ्याकडे बघत होता.

"भावजी, हे काय करायलात?" मागून वहिनींचा आवाज आला.

"वहिनी, ते... रान जरा जिवंत वाटावं म्हणून..."

वहिनींनी बघितलं आणि त्या मटकन खालीच बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडायला लागल्या. तीन महिने दुपारची झोप न घेता त्या बाईने एकेक झाड चिकटवलं होतं, आणि मी त्यात किडे पेरले होते. मला माझीच अशी लाज वाटली की त्या विहिरीत जीव द्यावा (ती वीतभरच खोल होती आणि आत बेडूक होता).

तेवढ्यात बाहेर बँड वाजला. वऱ्हाड आलं! विहीणबाई थेट रुखवतापुढे येऊन उभ्या राहिल्या. नाक उडवून म्हणाल्या, "बडीशेपेचा वास कामून यायलाय? आन् अगं बया! ह्ये वळवळतंय काय?"

पंख्याच्या वाऱ्याने साडेचारशे शेपट्या एकदम थरथरत होत्या. (माल अस्सल होता, हे माझे शत्रूही मान्य करतील.) बायका किंचाळल्या. कोणीतरी ओरडलं, "उखाणा घ्या, उखाणा!" बिचाऱ्या अश्विनीला पुढे ढकललं. तिने एकदा शेताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली:

"विहिरीच्या काठावर बेडूक बसले सात,
अमोलरावांचं नाव घेते, काकांनी केला घात!"

हशा पिकला. त्या हशातून वाट काढत आले व्याही. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, चष्मेवाले, शांत गृहस्थ. ते वाकले, एका गांडुळाला बोट लावलं आणि चष्मा काढून हातात घेतला. आता लग्न मोडतंय, असं समजून मी पोखर्णीच्या नृसिंहाला नवस बोलून टाकला.

"गांडूळखत!" व्याही म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तीस वर्षं गावोगाव हिंडून सांगितलं, गांडुळं पाळा, रान सुधारंल. लोक हसले. मला म्हणतात 'गांडूळसाहेब'. आन् माझ्या सुनेच्या रुखवतात गांडुळं! कुणाचं डोकं हाय ह्ये?"

वहिनींनी डोळे पुसले. बाई हुशार! "आमच्या भावजींचं," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, व्याह्यांना आवडंल असं कायतरी करा."

व्याह्यांनी मला कडकडून मिठी मारली. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी बघून विहीणबाईंनी त्या दिवशी कशालाही नाव ठेवलं नाही. शेत वाजतगाजत वालूरला गेलं. पुण्याच्या मंडळाला मी कळवलं, "माल शेतीकामाला गेला. क्षमस्व."

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण पंधरा दिवसांनी व्याही स्वतः घरी आले, टेम्पो घेऊन. खास माझ्यासाठी आहेर! दोन भलेमोठे टब, शेणखत आणि त्यात हजारो गांडुळं. या खेपेला जिवंत.

"उन्हात ठिवू नका," व्याह्यांनी बजावलं. "गार जागी ठिवा. मेली तर मला लय वाईट वाटंल."

व्याह्यांचा आहेर! टाकता येत नाही, देता येत नाही. वहिनींनी हुकूम सोडला, टब आतल्या खोलीत गेले. सुनंदा म्हणाली, "उकाड्यात मी पण तिथंच निजणार. पण तुमी आत आलात तर बघा!"

व्याही दर रविवारी न चुकता फोन करतात. "काय पावणं, मंडळी कशी हाय?" विचारतात ती सुनंदाची खुशाली की गांडुळांची, हे मला अजून उमगलेलं नाही. पण उत्तर दोन्हींना लागू पडतं.

"मंडळी गार खोलीत मजेत हाय," मी सांगतो. "मी गच्चीवर हाय."