दशमीला कानाझावा

ज्या देशात माणसांची आगगाडीच नाही, त्या देशात बसून आमच्या घरातली माणसं दोन महिने आगगाडीशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. मस्कतमध्ये उंट आहेत, विमानं आहेत, गुळगुळीत रुंद रस्ते आहेत, रूळ मात्र औषधाला नाही. माझी नात इथेच जन्मली. आगगाडी तिने गावी जाताना काय ती बघितली, तीही नाकाला रुमाल लावून. तीच पोरगी मला सांगायला लागली, "आजोबा, जपानमध्ये ट्रेन लेट झाली ना, की ते लोक सॉरी म्हणतात."

म्हटलं, "आपल्याकडे तसं केलं तर स्टेशन मास्तरला जेवायला वेळ मिळायचा नाही."

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करून हात भाजून घेतले, त्यावर मुलगा इंजिनिअर झाला. आता त्याच्या अल मवालेहच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगा, सून, नववीतली नात आणि मी. गेल्या चैत्रापर्यंत आम्ही पाच होतो. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ही गेली. सुंठवड्याचा डबा ओट्यावर तसाच होता.

तेव्हापासून सगळ्यांना माझी काळजी. मुलाचे मित्र येतात, माझ्याकडे बघतात आणि त्याला हळूच सांगतात, "अंकलला जरा चेंज पाहिजे." मला ऐकू येतं. कान शाबूत आहेत. बायको गेली, हा चेंज नाही तर काय आहे? आणखी किती चेंज करणार मला?

तर त्या चेंजचं नाव निघालं जपान. मार्चअखेर शाळेला सुट्टी, तेव्हाच तिकडे झाडांना गुलाबी फुलं येतात, त्यामुळे ठरलं. शुक्रवारी पोहे झाले की मुलगा लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि मीटिंग सुरू. सुनेने एक्सेलमध्ये तक्ता केला होता, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. टोकियोला उतरायचं, तिथून कानाझावा, मग क्योटो, नारा, हिमेजी. सगळी जुनी शहरं. जुने किल्ले, जुनी देवळं, जुन्या गल्ल्या.

म्हटलं, "जुनंच बघायचं तर मी घरात आहे की. तिकीट नाही, रांग नाही."

सून हसली. मुलगा हसला नाही. तो हल्ली हसत नाही.

कानाझावात म्हणे सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम मिळतं. सून म्हणाली, "बाबा, तिथली खासियत आहे ती." मी विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोनं कुठे जातं, याचा कोणी विचार केलाय का? नात "ईऽऽ आजोबा!" करून खोलीत पळाली. नाऱ्यात हरणं माणसाला वाकून नमस्कार करतात. म्हटलं, एखादं इकडे आणा, आमच्या पोरीला शिकवायला. हिमेजीच्या किल्ल्याला उभे जिने आहेत, तेव्हा सुनेने काळजीने विचारलं, "बाबा, जमेल ना तुम्हाला?" सोहारला भर उन्हात टाक्यांवर चढून मी जोड मारलेत. तिथे कोणी खाली उभं राहून फोटो काढला नाही एवढंच.

मोठ्या बॅगा गाडीत न्यायच्या नाहीत, त्या कुरियरने पुढच्या शहरात पाठवायच्या. म्हणजे आमच्या आधी आमच्या चड्ड्या क्योटो बघणार. गाडीत फोनवर बोलायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. त्याची मला चिंता नव्हती. वर्षभर आमच्या घरात तोच सराव चालू होता.

मग सीटांची निवड आली. मुलगा टीव्हीवर डबा दाखवत होता. "इकडे तीन सीट, इकडे दोन. आणि सीट फिरवता येतात बरं का, समोरासमोर होतात. दोन इकडे, दोन तिकडे. आपण चार आहोत म्हणजे एकदम परफेक्ट."

बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच कळलं. टीव्हीवर तो डबा तसाच राहिला. सून म्हणाली, "चहा ठेवते." चहा नुकताच झाला होता. पण ती ठेवायला गेली आणि आम्ही तो प्यायलोही.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरपाशी गेलो. वर्षश्राद्धाचं मुलाने मला आधीच सांगितलं होतं, "बाबा, ते आपण जपानहून आल्यावर करू. मी तारीख बघून ठेवलीय, मोबाईलमध्ये लावलीय." मला तेव्हा बरं वाटलं होतं, पोरगा बघतोय म्हणून. पण त्याने बघितली होती मृत्यूच्या दाखल्यावरची एप्रिलमधली तारीख. आपल्याकडे श्राद्ध तिथीला असतं, आणि तिथी काही इंग्रजी तारखेला बांधलेली नसते. यंदा चैत्र लवकर लागत होता. कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि मग टीव्हीवरचा तक्ता आठवला. चैत्र शुद्ध दशमीला आमचं कुटुंब केशरी रंगात होतं. म्हणजे कानाझावात. सोन्याचं आइस्क्रीम खात.

संध्याकाळी तो सोफ्यावर बसला होता. मी विचारलं, "कानाझावाला आपण कधी आहोत?"

"शनिवारी. का?"

"रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी."

"असेल, बाबा."

"असेल नाही, आहे. तुझी आई कधी गेली?"

"एप्रिलमध्ये. मी रिमाइंडर लावलाय ना..."

"तुझी आई रिमाइंडरला गेली नाही. दशमीला गेली."

त्याने मोबाईल काढला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मोबाईलकडे बघितलं. मोबाईलमध्ये काय आई सापडणार होती? मग त्याने पुण्याच्या गुरुजींना फोन लावला. हे गुरुजी व्हिडिओवरून पूजा सांगतात. ते म्हणाले, परदेशात असणाऱ्यांना सोयीने चालतं, परत आल्यावर अमावास्येला करून टाकू. इतका सोयीचा माणूस मी जन्मात बघितला नाही. आधी विचारलं असतं तर ही जिवंत असतानाच उरकून दिलं असतं.

"बघा, बाबा, चालतंय."

"त्यांना चालतंय. त्यांची बायको जिवंत आहे. तुम्ही जा. मी इथे राहतो. भात मला लावता येतो. बरकाच्या बागांत जाऊन केळीचं पान आणीन, पिंड ठेवीन, देवळात शिधा देईन. खलास."

"तुम्हाला एकटं टाकून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांना विचार, त्यांना हिमेजीला यायचंय का. माझी सीट रिकामी आहे."

"आई असती तर तुम्हाला जाच म्हणाली असती."

हे वाक्य मला सहन झालं नाही. म्हटलं, "तुला वकीलपत्र देऊन गेली का ती? मी मंडईतून आणलेली कोथिंबीर सुद्धा तिला कधी पसंत पडली नाही. ती काय म्हणाली असती ते मला सांगता येत नाही, आणि तू सांगतोस?"

त्याने गाडीची किल्ली उचलली आणि दार ओढून गेला. नातीच्या खोलीतला आवाज बंद झाला. सून माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं आता रडेल, पण ती रडली नाही. उलट जरा चिडलेली होती.

"कॅन्सल करूया, बाबा. मी सगळं कॅन्सल करते. पण एक सांगते, तुम्हाला वाटतंय ना, हे सगळं तुमच्या चेंजसाठी चाललंय म्हणून? हे रोज ऑफिसमधून येतात ना, ते वर येत नाहीत. खाली पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहतात. कितीतरी वेळ."

"फोनवर असतो तो."

"फोनवर नसतात. मी एकदा खाली जाऊन बघितलंय."

मी गॅलरीत जाऊन खाली बघितलं. गाडी जागच्या जागी होती. आतला दिवा लागलेला. माणूस आत बसलेला, हात स्टिअरिंगवर, आणि गाडी कुठेच चाललेली नाही.

मी होतो तसा, पायजमा आणि बनियनवर लिफ्टने खाली गेलो. लिफ्टमध्ये शेजारची मल्याळी बाई होती, तिने भिंतीकडे तोंड केलं. गाडीचं दार उघडून मी शेजारी बसलो. एसी चालू होता, गाणी बंद.

मग तो म्हणाला, "घरात शिरलो की माझी नजर आधी किचनकडे जाते, बाबा."

"माझीपण जाते. मी तर दिवसभर घरातच असतो. मला जास्त सोय आहे."

"मला या सुट्टीत इथे राहायचं नव्हतं. घरात बसून तो दिवस जवळ येताना बघायचा... पण तारीख मी मुद्दाम नाही चुकवली. मला खरंच वाटलं, आल्यावर सगळं नीट करू."

"माहितीये मला. मुद्दाम करायला डोकं लागतं."

त्यावर तो हसल्यासारखं काहीतरी करून गेला. नाक पुसलं. मी समोरच्या खांबाकडे बघत बसलो. त्या खांबावर कोणाच्या तरी गाडीचा लाल रंग लागलेला होता. माझ्या मनात येत होतं की दशमीला मी इथे केळीच्या पानासमोर एकटा बसणार आणि हा तिकडे परमुलखात असाच एखाद्या खिडकीशी बसणार. दोघंही तिच्याच नावाने बसणार. असला मूर्खपणा ह्या घरात एकाने केला तर चालतं, दोघांनी करायचा नसतो.

म्हटलं, "कानाझावाला करू."

"काय?"

"श्राद्ध. दशमीलाच करायचं, मी एवढंच म्हणतोय. इथेच करायचं असं कुठे म्हणालो?"

"तिथे गुरुजी कुठून आणणार?"

"तुझ्या त्या पुणेकराला फोनवर घे. त्याला काय, चंद्रावरून पण चालेल. नाहीतर तोही नको. भात पाहिजे, तीळ पाहिजेत, पाणी पाहिजे. आणि कावळा पाहिजे."

इथे आमचं घोडं अडलं. जपानमध्ये कावळा असतो की नाही, हे सातवी शिकलेल्या बापाला माहीत नव्हतं आणि इंजिनिअर झालेल्या मुलालाही माहीत नव्हतं. दोघं वर आलो. नातीला बोलावलं. तिने मोबाईलवर बघितलं आणि डोळे मोठे केले.

"ओ माय गॉड, आजोबा, खूप आहेत! आणि ह्यूज आहेत. आपल्यासारखे छोटे नाहीत. एकदम ब्लॅक. लोकांचं खाणं पळवतात, लिहिलंय."

"मग झालं तर. तुझ्या आजीला ताटकळत बसायला लागणार नाही."

"पण आजोबा, पार्कमध्ये बर्ड्सना फीड करायचं नसतं. रूल आहे."

घ्या. जपानमध्ये पितरांना सुद्धा परवानगी काढून जेवायला यावं लागतं. सून म्हणाली, मग खोलीच्या गॅलरीत ठेवू आणि नंतर सगळं स्वच्छ करू. पण हॉटेलला गॅलरी नव्हती आणि भात शिजवायला चूलही नव्हती. म्हणून तिने त्या रात्रीचं हॉटेल काढून टाकलं आणि एका जुन्या गल्लीतलं छोटं भाड्याचं घर घेतलं, शेगडी असलेलं. सामुराईंची गल्ली सकाळी होती, ती दुपारी ढकलली. सामुराई मेलेले आहेत, ते थांबतील. आइस्क्रीम काढून टाकलं. ते नातीने परत घातलं. मी ते राहू दिलं. आमच्या हिला आइस्क्रीम आवडायचं.

पुढच्या शुक्रवारी मीटिंग झाली ती वेगळीच. टीव्हीवर गाड्या नव्हत्या. तीळ नेता येतील का, वड्यांचं पीठ नेता येईल का, हे सून शोधत होती. केळीचं पान नेता येत नाही, विमानतळावर झाडपाला काढून घेतात. म्हणजे कागदी ताटली. ही म्हणाली असती, पिकनिकला आलाय का? आता तिला काय उत्तर देणार, पिकनिकलाच तर चाललो होतो. तिकडचा तांदूळ चिकट असतो, हे कळल्यावर मी पहिल्यांदाच जपानबद्दल चांगलं बोललो. म्हटलं, पिंड नीट वळले जातील. आपला बासमती तर सुटून पडतो.

त्या दिवशी सुनेने तालीम म्हणून वडे केले. एकाच शेगडीवर जमतात का, ते बघायला. पहिला घाणा कच्चा राहिला, तो मला वाढला. आम्ही चौघं जेवायला बसलो. मुलगा एकदम म्हणाला, "बाबा, आणि कावळा नाही शिवला तर?"

"तर समजायचं, तिचं काहीतरी राहिलंय. मग हात जोडून सांगायचं, की ते आम्ही बघू. मग शिवतो."

"काय राहिलं असेल?"

"मला काय विचारतोस? तुझीपण आई होती. सगळं मीच प्लॅन करू का?"

तो वडा हातात धरून बसला. सुनेने त्याच्या पानात भात वाढला, त्याने तो बघितलासुद्धा नाही. मग म्हणाला, "तिला माझ्या ऑफिसला यायचं होतं. मी कुठे बसतो ते बघायला. मी दर वेळी म्हणायचो, काय बघायचंय त्यात, टेबल-खुर्ची आहे." आणि मग बोलतच राहिला. शाळेचा डबा, तिचा इंग्रजी शिकायचा नाद, पहिल्यांदा विमानात बसल्यावर तिने धरलेला त्याचा हात. वर्षभरात तो तिच्याबद्दल पहिल्यांदा काही बोलला होता. नातीला अर्धं मराठी कळत नव्हतं. ती मध्येच विचारायची आणि तो थांबून तिला इंग्रजीत सांगायचा.

मला दोन-तीन ठिकाणी टोकायचं होतं. विमानात हात हिने त्याचा नाही, माझा धरला होता. पण मी गप्प राहून माझा कच्चा वडा खाल्ला.