तीनशे दहा पावलं

मापवालीची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार आहे, असं गल्लीत म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज आणि पोरींचे फ्रॉक शिवताना तिचं माप कधी चुकलं नव्हतं, आणि हे ती रोज कुणाला तरी ऐकवायचीच. पण साठी आली, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाका माराव्या लागल्या, तेव्हा तिने मशीन भाचीला देऊन टाकलं आणि जाहीर केलं, "आता मी शेती करणार!"

लोक हसले. हसोत बापडे. गावाकडे तिच्या वडिलांची आणि काकांची शेजारी शेजारी जमीन होती, मध्ये फक्त एक बांध. विहिरीकडचा तुकडा वडिलांचा, पलीकडचा काकांचा. ती नऊ वर्षांची असताना वडील नोकरीसाठी शहरात आले, ते आलेच. पलीकडचं आता काकांचा मुलगा कसत होता. त्याला ती दादा म्हणायची. अलीकडचं पडीक होतं. फोनवर दादा म्हणाला होता, "तुझंच आहे, ये की. विचारतेस काय?" दादाने हात दिला तरच आपली शेती होणार, नाहीतर चार दिवसांत गाशा गुंडाळावा लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही बाईने पहिल्याच सकाळी घोळ घातलाच.

बसमधून उतरून ती थेट विहिरीवर गेली. लहानपणी या विहिरीत नुसतं डोकावलं तरी आईचा धपाटा बसायचा. केवढी अजस्र वाटायची तेव्हा! आता बघते तर एवढीशी. तरीही काठावर हात ठेवल्यावर तिला भरून आलं. इथूनच ती वडिलांचा डबा घेऊन बांधापर्यंत जायची, एकेक पाऊल मोठ्याने मोजत. बरोब्बर तीनशे दहा पावलं. पाढे विसरली, मैत्रिणी विसरली, हा आकडा मात्र तिच्या डोक्यातून कधी गेला नाही.

ती मोजत निघाली. दोनशे बारा पावलांवर बांध आला.

मागे फिरून परत मोजलं, तर दोनशे नऊ. म्हणजे एवढ्यात आणखी तीन गायब! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पलीकडे दादा मिरचीच्या वाफ्यात पाणी सोडत होता. तिला पाहून त्याचा चेहरा फुलला, पण तिने त्याला तोंड उघडू दिलं नाही.

"दादा, बांध कोरलास तू!"

बांध कोरणं म्हणजे शेजाऱ्याची जमीन बोटाबोटाने गिळणं. शेतकऱ्याला याहून वाईट काही बोलता येत नाही. दादाने फावडं खाली ठेवलं.

"कशावरून म्हणतेस?"

"तीनशे दहा पावलं होती, आता जेमतेम दोनशे दहा भरतायत. शंभर पावलं गिळलीस! आणि माझं माप चुकत नाही."

"तेव्हा वय काय होतं तुझं?"

"आठ."

"आठ वर्षांच्या पोरीच्या फ्रॉकला जेवढं कापड घेतेस, तेवढ्यात तुझा ब्लाउज आणि परकर बसेल का गं?"

"छे! कसा बसे..." म्हणता म्हणता ती थांबली. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. चांगले लांबरुंद, साठ वर्षांचे पाय. "अगं बाई!"

दादा हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या नशिबी आले नव्हते. "उगाच नाही नाही ते बोलले. मी जाते परत."

"थांब. बांध सरकलाय, हे खरं आहे."

निघालेली ती गर्रकन वळली.

"बारा वर्षांपूर्वी पूर आला आणि बांध वाहून गेला," दादा म्हणाला. "परत घालायचा, तर नेमकी जागा कुणालाच आठवेना. मग मी तो हातभर माझ्याच बाजूला सरकवून घातला. म्हटलं, आपली मापवाली एक ना एक दिवस येणार आणि मोजणार. तेव्हा तिला काही कमी भरायला नको."

मापवाली मटकन बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. दादाने तिला रडू दिलं. पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवून तो परत आला, तरी तिचं चालूच होतं.

"दादा," शेवटी ती म्हणाली, "मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. शिकवशील?"

दादाने फावडं उचलून तिच्या हातात दिलं.

"शिकवतो. आधी त्या चपला काढ आणि चिखलात उतर."