जीवशास्त्राची तीन पुस्तकं

मे महिना, १९७०, पहिला रविवार, सकाळची वेळ. ठिकाण: पिंपरीच्या कामगार वसाहतीत माझ्या ताईचं घर, बाहेरची खोली. हजर: ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, रात्रपाळी करून आलेले, त्यामुळे डोळे मिटून हजर, ताईच्या सासूबाई, पुढ्यात चिंचेचा ढीग आणि पायाखाली चिंचोके काढायला विळी, माझी भाची, वय सोळा, जिच्यासाठी सगळे जमले होते, शेजारचे निवृत्त गुरुजी, आणि मी. गैरहजर: चिंचवडच्या शाळेतले विज्ञानाचे सर. त्यांना बोलावलं होतं, पण सुटी लागताच ते कोकणात गावी निघून गेले होते.

कुठेही चार माणसं जमली की मी आधी हजेरी मांडते. तेव्हा मी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. तिथे बैठकीला कोण होतं हे लिहून ठेवलं नाही, तर पुढे प्रत्येक जण ‘मी नव्हतोच’ म्हणतो.

काम असं होतं. आदल्या वर्षी भाचीला विषमज्वर झाला, उतरला आणि उलटला. ती वाचली, केस गेले, आणि शाळेचं वर्षही गेलं. मुख्याध्यापकांनी सांगितलं, पुन्हा दहावीला बसवा. दाजींनी हिशेब केला की अशाने अकरावी, म्हणजे मॅट्रिक, व्हायला मुलगी अठराची होणार. तेवढ्यात साताऱ्याकडून एक स्थळ आलं. माणसं चांगली, मुलगा नोकरीला, हुंड्याचं नाव नाही. भाची मात्र इस्पितळातून उठली ती नर्स व्हायचं ठरवूनच. तापाच्या दिवसांत सगळ्या वॉर्डाचे थर्मामीटर तिचे वाचून झाले होते.

शेवटी बापलेकीत करार झाला. मार्चमध्ये घरून अभ्यास करून, बाहेरून मॅट्रिकला बसायचं. पुण्याच्या नर्सिंगच्या प्रवेशाला जीवशास्त्राचे मार्क बघतात, तेव्हा त्या विषयात चांगले मार्क हवेत.

“एकच संधी,” दाजी म्हणाले होते. “जमलं तर पुणं. न्हाई जमलं तर पाव्हण्यांना होकार. मार्चपर्यंत त्यांना थांबवून धरतो.”

बाकी विषयांची पुस्तकं शेजारपाजारहून जमली. जीवशास्त्राचं अडलं. मॅट्रिकला तेव्हा सगळ्यांना एकच पुस्तक नसे. अभ्यासक्रम बोर्डाचा, पुस्तकं निरनिराळ्या प्रकाशकांची, आणि त्यातलं कुठलं लावायचं ते शाळा ठरवी. आता शाळाच नव्हती, म्हणजे ठरवणं आमच्यावर आलं.

आमच्या खात्याचा नियम साधा होता: तीन ठिकाणचे नमुने मागवा, शेजारी शेजारी ठेवा, तपासा, मग ऑर्डर द्या. मी तसेच तीन नमुने मागवले.

पहिला नमुना गुरुजींचा. बाहेरून बसणाऱ्या मुलांसाठी त्यांनी स्वतः टिपणं लिहून चक्रमुद्रित केली होती. अक्षर देखणं, भाषा गोड, शिवाय फुकट. प्रत्येक धड्याच्या आरंभी एक श्लोक. जीवसृष्टी कशी बदलत गेली या धड्यात आधी मासा, मग कासव, मग वराह, मग नरसिंह, असे दहाही अवतार ओळीने येत होते. दुसरा नमुना भाचीच्या वॉर्डातल्या एका मिशनच्या सिस्टरने प्रेमाने पाठवलेला. चित्रं इतकी सुरेख की सासूबाईंनी चिंच बाजूला ठेवून पदराला हात पुसले आणि पानं उलटली. त्यात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, इथून सुरुवात होती. तिसरं पुस्तक मी पुण्याहून आणलेलं, बोर्डाच्या मंजूर यादीतलं. खाकी कव्हर, बारीक टाइप, चित्रांत बेडूक कुठला आणि बटाटा कुठला ते खालची ओळ वाचल्याशिवाय कळत नव्हतं. देवाचं नाव कुठेच नाही, कौतुकालाही नाही.

“यात काय ठरवायचं?” दाजी डोळे न उघडता म्हणाले. “गुरुजींचं घ्या. शिकवणार तेच. अन् पोरीवर संस्कार बी व्हतील.”

“संस्काराचे मार्क नर्सिंगला धरतात का, दाजी?” मी विचारलं.

“मेव्हणीबाई, तुमी सुटीच्या दिवशी तरी कंपनी घरी ठेवून येत जा.”

पण मी कंपनी बरोबर आणली होतीच. आठवडाभर आधी भाचीला मी एकच प्रश्न दिला होता: जीवसृष्टीत बदल कसे होत गेले ते थोडक्यात सांगा. एकेक पुस्तक वाचायचं, मिटायचं आणि त्यातून जे हाती लागलं तेवढंच लिहायचं. तीन पुस्तकं, तीन उत्तरं. कागदांवर फक्त क, ख, ग. कुठलं उत्तर कुठल्या पुस्तकातलं हे भाचीला आणि मला माहीत. ते तपासायलाच विज्ञानाचे सर हवे होते, आणि ते कोकणात आंबे खात बसले होते.

“त्यात काय,” गुरुजी म्हणाले. “मी तपासतो. जन्मभर बोर्डाचे पेपर तपासलेत मी. लाल पेन्सिल आणा.”

मी अडखळले. पुरवठा करणाऱ्याला स्वतःचा माल तपासायला देत नाहीत, हे आमच्याकडे शिकाऊ कारकुनालाही ठाऊक असतं. पण समोर बसलेल्या वयोवृद्ध माणसाला तसं सांगायचं कसं? ताईने माझ्याकडे बघून ‘राहू दे’ अशी मान हलवली. भाचीने पेन्सिलीला टोक काढून दिलं.

गुरुजींनी चष्मा लावला आणि पाहता पाहता माणूस बदलला. मघाचे हसरे शेजारी गेले, परीक्षक आले. ‘ख’चा कागद वर होता. दोन ओळी वाचून त्यांनी एक लांब रेघ ओढली.

“सहा दिवसांत सृष्टी! प्रश्न काय, उत्तर काय? शून्य.” मग दाजींकडे वळून म्हणाले, “बघितलंत राव? विज्ञानात धर्म घुसवला की असं होतं. त्या बाईंचा हेतू चांगला असेल, पण पोरगी बुडेल याने.”

“व्हय की,” दाजी म्हणाले. आता त्यांचे डोळे उघडले होते.

पुढचा कागद ‘क’. गुरुजींची पेन्सिल पहिल्या ओळीवर थांबली, दुसऱ्या ओळीवर हलली आणि तिसऱ्या ओळीला तिने फुली मारली. समासात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: विषयांतर.

“बाळ,” ते भाचीला म्हणाले, “हे आजीकडून ऐकलेलं दिसतंय. ऐकावं, जरूर ऐकावं. पण पेपरात पुराण लिहायचं नसतं. परीक्षकाला दिवसाकाठी ढीगभर पेपर संपवायचे असतात. मत्स्यावतार दिसला की तो पुढे वाचत नाही. मीही वाचत नसे.”

भाचीने खाली बघितलं. मी छताकडे बघितलं.

सासूबाईंनी विळीवरची चिंच खाली ठेवली. “म्या न्हाई सांगितलं बाबा तिला,” त्या म्हणाल्या. “माज्यावर कशापायी आळ? तुमच्याच कागदात हाय ते. काल ती मोठ्यानं वाचत व्हती, म्या ऐकलंय.”

गुरुजींनी चष्मा काढला. स्वतःची टिपणं ओढून घेतली, धडा काढला, वाचला. मग पुन्हा भाचीचा कागद वाचला. तो धडा त्यांनी अवतारांनी सुरू केला होता आणि अवतारांतच संपवला होता. मधे विज्ञान सांगायचं राहूनच गेलं होतं.

“मी ते दाखला म्हणून दिलं होतं,” ते हळूच म्हणाले.

“दाखल्यावर शाळा सुटते, गुरुजी, मॅट्रिक न्हाई सुटत,” दाजी बोलून गेले आणि ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा टाकायला म्हणून आत गेले.

मला खरी भीती वाटली ती गुरुजी उठून जातील याची. पुस्तक कुठलंही मिळालं असतं. शिकवणारा माणूस पिंपरीत दुसरा नव्हता, आणि ते गेले असते तर साताऱ्याच्या पाहुण्यांना मार्चपर्यंत थांबवण्यात काही अर्थ नव्हता. भाचीलाही ते कळलं असावं, कारण तिने तिसरा कागद, ‘ग’, हळूच त्यांच्यापुढे सरकवला.

ते बराच वेळ तो वाचत होते. रुक्ष पुस्तकातून उतरलेलं रुक्ष उत्तर. पण प्रश्नाला धरून. जुन्या खडकातल्या जीवांचे अवशेष, बदल, टिकून राहणं, सगळं ओळीने. गुरुजींनी एक शब्द दुरुस्त केला आणि खाली मार्क टाकले, पैकीच्या पैकी नव्हेत, पण भरघोस.

“परीक्षक म्हणून माझं चुकलेलं नाही,” ते म्हणाले. “हेच पुस्तक लावा. शिकवतो मी. चित्रं मात्र त्या मिशनच्या पुस्तकातली घेऊ, याच्यातला बेडूक बघवत नाही.”

“आन् दशावतार?” सासूबाईंनी विचारलं.

“ते राहिलंच आता.”

“राहतंय कशापायी? म्या सांगते की तिला. त्याला मॅट्रिक झालेला मास्तर कशाला पायजे?”

यावर आधी गुरुजीच हसले, म्हणून मग बाकीच्यांना हसता आलं.

जूनपासून शिकवणी सुरू झाली. गुरुजी सकाळी येत, ओट्यावर बसत, खाकी पुस्तक उघडत. सवय सुटता सुटत नाही. मधेच ‘मत्स्य’ असं तोंडातून निघालं की भाची गंभीर चेहऱ्याने म्हणे, “गुरुजी, विषयांतर,” आणि ते मान डोलावून पुढच्या परिच्छेदावर जात. फुलाचे भाग शिकायला वसाहतीतल्या सगळ्या जास्वंदी उघड्या झाल्या. पूजेला फुलं मिळत नाहीत म्हणून दोन बायका भांडायला आल्या आणि परागकोश बघून गेल्या. मटकीचे मोड ताटलीत मोजायला ठेवले होते, त्यातले निम्मे सासूबाईंनी उसळीत घातले. प्रयोग पुन्हा लावावा लागला.

अडलं ते हृदयाशी. पुस्तकातली आकृती म्हणजे रेघांची गुंतवळ. चार कप्पे भाचीच्या डोक्यात बसेनात. दाजींनी न बोलता यावर उपाय काढला. एका रविवारी ते बाजारातून मटण घेऊन आले आणि बरोबर बोकडाचं हृदय न कापता मागून आणलं. आमचे गुरुजी शुद्ध शाकाहारी. ते अंगणात कडुलिंबाखाली उभे राहिले, पाठ अर्धी वळवून, छत्री पुढे करून.

“आता डावीकडची भिंत बघ. जाड आहे का?”

“आहे, गुरुजी.”

“कोणाची डावी? तुझी की बोकडाची?”

“बोकडाची.”

“शाबास. आता पातीने उभं काप. मला दाखवू नकोस. झडपा दिसल्या का?”

“दिसल्या! दोऱ्यांनी बांधल्यासारख्या आहेत.”

ताई दारात उभी राहून बघत होती. दाजी तर मोरीशी उकिडवे बसून लेकीपेक्षा जास्त प्रश्न विचारत होते. रक्त कुठून शिरतं, उलट का जात नाही. कारखान्यात त्यांच्या हाताखाली पंपाचे भाग घडत आणि पास होत. झडप दिसल्यावर त्यांना बाकी कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला: “झालं का शिकून? मसाला वाटून ठेवलाय म्या.”

त्या दिवसापासून दाजींनी पाहुण्यांचा विषय घरात काढला नाही. काढायचा तर आमच्याशी दारात उभं राहून, भाचीला ऐकू जाणार नाही असा. एकदा मला म्हणाले, “मेव्हणीबाई, पोरगी पास व्हईल न्हवं?” मी म्हटलं, “दाजी, तुम्हीच पंप पास करता, तुम्हाला काय वाटतं?” ते म्हणाले, “पंप पोटचा नसतो.”

मार्च आला. जीवशास्त्राच्या पेपराला ताईने दही दिलं, सासूबाईंनी अंगारा लावला, गुरुजींनी दोन पेन्सिली दिल्या आणि मी सामान तपासलं. दुपारी भाची केंद्रातून बाहेर आली ती बोटं नाचवत. हृदयाची आकृती आली होती. शेजारच्या मुलींनी बदाम काढले होते. हिने जाड भिंत हृदयाच्या डावीकडे, म्हणजे कागदावर उजवीकडे, दाखवली होती.

जूनमध्ये निकाल लागला. पास, आणि जीवशास्त्रात लागत होते त्याहून चांगले मार्क. दाजी पाळीवरून मधेच सुटी घेऊन पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा गुरुजींना दिला. गुरुजी म्हणाले, “मला कशाला, पुस्तकाला द्या,” आणि खाऊन टाकला. पावसाळ्यात भाची ट्रंक घेऊन पुण्याच्या नर्सिंग वसतिगृहात राहायला गेली. आज ती ज्या वॉर्डाची सिस्टर आहे, तिथे शिकाऊ मुलींना हृदय शिकवताना ‘कोणाची डावी?’ असं विचारते म्हणे.

राहिलं ते एक काम. साताऱ्याच्या पाहुण्यांना मार्चपर्यंत थांबा असं दाजींनी कळवलं होतं. पुढे नकार कळवायला हवा होता. दाजी म्हणाले, भल्या माणसांना नाही म्हणायचं जिवावर येतं, तुम्ही ऑफिसातल्या, तुम्ही लिहा. मी म्हटलं, नकार मुलीच्या बापाने कळवायचा असतो. ताई म्हणाली, होकार बाप कळवतो, नकार कोणीही. असं करता करता वर्षं गेली. त्या मुलाचं लग्न झालं, त्याला पोरं झाली. गेल्या उन्हाळ्यात चिंचवडच्या एका लग्नात मुलाचे वडील दाजींना भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मग पाव्हणं, आमी अजून थांबलोय बरं का!” दाजी अक्षता हातात घेऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेले ते जेवणाच्या पंगतीलाच दिसले.

घरी आल्यावर मी मसुदा करून दिला. चारच ओळी. दाजींनी वाचला, बरा आहे म्हणाले, आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला. परवा विचारलं, तर म्हणाले, दिवाळी होऊ दे, सणावारी नकार बरा दिसत नाही. तेव्हा नकार कळवणं: बाकी.