जंतांच्या काढ्याचे दिवस

पाला वाळत घालताना रोज मूठमूठच वाटतो. एक दिवस दार उघडावं, तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही! डॉक्टरांच्या गोष्टी माझ्याकडे अशाच साठल्या. मी सांगतोय, सून लिहून घेतेय.

आमच्या देवबाग गावात तेव्हा डॉक्टरांची शेड होती. जंतांवर झाडपाल्याचं औषध शोधायचं. मी पाला आणायचो, काढा उकळायचो. मुंबईच्या साहेबांनी एकच वर्ष दिलेलं. "औषध लागू पडतं हे दाखवा, नाहीतर शेड बंद!"

*

पहिली टेस्ट गांडुळांवर, जंतांच्या जागी. एका बशीत काढा, दुसरीत तुलनेसाठी किंचित मिठाचं पाणी. डॉक्टर म्हणाले, "बाबल, मिठाचं पाणी भर."

समोर समुद्र असताना मीठ कशाला फुकट घालवायचं? मी कळशी भरून आणली.

काढ्यातली गांडुळं वळवळत राहिली, पाण्यातली आधी गेली! डॉक्टरांनी पाण्याला बोट लावून चाखलं.

"बाबल, तुझ्या समुद्रापुढे माझं औषध कच्चं रे!"

*

मग शेळ्या. डॉक्टरांचा नियम, आधी काढा आपण प्यायचा, मग शेळीला. वावडिंग, कडू किराईत, काय काय त्यात! डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाले, "बरा आहे."

शेळीने तोच घोट त्यांच्या सदऱ्यावर फुर्रकन उडवला.

मी म्हटलं, "शेळी तुमच्यापेक्षा खरा बोलता!"

*

शेळ्यांच्या लेंड्या तपासायला मालवणात न्यायच्या. पानांत बांधून एस्टीत बसलो. बाजूच्या म्हाताऱ्याने पुडकं आपणहून मांडीवर घेतलं.

"मिरी मां रे?"

"नाय ओ, शेळयेच्यो लेंडयो."

त्याने पुडक्याची गाठ चाचपली. मग म्हणाला, "आसांदे. सांडतली नायतर."

मालवणपर्यंत धरून बसला बिचारा!

*

शेवटची टेस्ट वाडीतल्या वीस शेळ्यांवर. दहांच्या गळ्यात लाल दोरा, त्यांना काढा. दहांच्या गळ्यात पांढरा, त्यांना नुसतं गुळाचं पाणी. महिन्याने फरक मोजायचा, की मुंबईला कागद जाणार.

रोजामावशीच्या शेळीला पांढरा आला. शेळी खंगलेली, आणि मावशीची आईवेगळी नात त्याच दुधावर.

"डॉक्टरांनु, माझीच कित्याक वगळलास?"

"मावशी, दोन्ही बाजू बघितल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही."

मावशी शेळी घेऊन घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी लाल दोरा बघून काढा पाजत सुटलो. काढा संपला, लाल दोरे संपेनात! त्यात शेळ्या एकमेकींचे गळे चाटतायत. डॉक्टरांनी एका दोऱ्याचा वास घेतला. कोकमाचं आगळ! पांढरे दोरे त्या लाल, खारट रसात बुडवलेले.

मावशीने लाल झालेली बोटं पदराखाली घेतली.

"तुझ्या शेळीचं समजलं," डॉक्टर म्हणाले. "पण बाकीच्या नऊ?"

"शेजारणींकय पोरां आसत मां, डॉक्टरांनु."

डॉक्टर वही मांडीवर घेऊन पायरीवर बसले. साहेबांचं वर्ष संपत आलेलं. मी चुलीत लाकडं सारत राहिलो.

मग त्यांनी वही मिटली.

"बाबल, मोठं भांडं चढव. वीस शेळ्यांना काढा पुरला पाहिजे."