आपांचं नाक

दिवाळीतल्या चकल्यांचा विसरलेला डबा आज उघडला आणि खवट भपकारा आला. कडेवर नातीला घेऊन उभी असलेली सून म्हणाली, “शी! फेकून द्या, आई.” मी मात्र मनानं निघोजे गावाजवळच्या, मी नोकरी करायचे त्या तेलाच्या कंपनीत पोचले होते.

तेल किती टिकतं ते पाहायला आम्ही लॅबमध्ये तेलाच्या बाटल्या गरम ओव्हनमध्ये ठेवायचो आणि रोज सकाळी हुंगायचो. मशीन होतंच, पण शेवटचा शब्द आमच्यातल्या सगळ्यात जुन्या शबानाआपांच्या नाकाचा. तेल खवट व्हायला लागलं की मशीनच्या आधी त्यांना कळायचं.

करोनातून उठून आपा कामावर आल्या, त्या सकाळची गोष्ट. त्यांनी शेंगदाणा तेलाची बाटली उघडली. खवट वास थेट दारापर्यंत आला, मी तोंड फिरवलं. आपांनी डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाल्या, “ताजं आहे. राहू दे अजून.”

त्यांनी आमचे चेहरे पाहिले. मग बाटलीचं झाकण लावलं आणि उगाचच पिळत राहिल्या.

“साहेबांना मीच सांगते,” त्या म्हणाल्या. दारात थांबल्या. “नात झालीय मला. रोज तेलानं तिची टाळू भरते. सगळे तिचं डोकं हुंगतात, म्हणून मीपण हुंगते गं.”

तेव्हा मला फक्त त्यांच्या नोकरीचं वाईट वाटलं होतं.

डबा बाजूला ठेवून मी हात धुतले, नातीला घेतलं आणि तिच्या टाळूला नाक लावलं. दुधातेलाचा गोड वास आला. चकल्यांचा वास मी सोसला होता. हा सोसवेना.